छू म्हणणारे

२०२५ च्या जुलै महिन्यात मानखुर्दला घडलेला प्रकार पुष्कळांच्या स्मरणात असेल. रात्रीच्या वेळी उभ्या रिक्षात खेळत बसलेल्या ११ वर्षांच्या एका मुलाच्या अंगावर एका गृहस्थाने आपला पिट बुल जातीचा कुत्रा सोडला. कुत्र्याने मुलाच्या हनुवटीचा चावा घेतला. कोणीतरी चित्रफीत काढली आणि ती घरोघर पोहोचली. तीत मूल जिवाच्या आकांताने रडते आहे आणि मालक हसतो आहे. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो मालकावर, आणि ते योग्यच झाले. पण आमच्या इमारतीखाली दुसऱ्या दिवशी जी चर्चा रंगली ती सगळी कुत्र्याची होती. ही जात किती वाईट, तिच्या जबड्यात बळ किती, सरकारने बंदी कशी घालावी, इत्यादी. त्या हसण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. पण माझ्या गप्प बसण्याचे कारण वेगळे होते.

आम्ही विक्रोळीला कन्नमवारनगरात राहावयास आलो तेव्हा मी लहान होतो. पूर्वेला मिठागरे आणि खारफुटी, पश्चिमेला द्रुतगती मार्ग, त्यापलीकडे रेल्वे, आणि रेल्वेपलीकडे कारखान्यांची धुराडी, अशी त्या वेळची विक्रोळी होती. एकेकाळी फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे असलेल्या इथल्या जमिनीचा मोठा भाग १९४० नंतरच्या वर्षांत गोदरेजांकडे आला, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्या इथेच घडल्या, हे आम्हां मुलांना शाळेत मोठ्या अभिमानाने सांगण्यात येई. मला सांगावयाचे आहे ते मात्र एका लहानशा लाकडाच्या वखारीविषयी. वखार आता नाही, तिचा मालकही हयात नाही. तेव्हा नावाचे प्रयोजन उरलेले नाही.

१९७१ साली त्या मालकाने, आम्ही त्याला शेट म्हणत असू, अल्सेशियन जातीचे एक पिल्लू आणले. कुंपणाच्या तारांतून हात घालून आम्ही त्याला खाजवीत असू आणि ते उताणे पडून पाय झाडी. शेटने हे पाहिले आणि तो रखवालदारावर ओरडला, ''हा असा सगळ्या जगाचा दोस्त झाला तर माझं लाकूड कोण राखणार?'' त्या दिवसापासून पिल्लाचे दिवस फळ्यांच्या खोक्यात आणि रात्री साखळीवर जाऊ लागल्या. रखवालदारावाचून कोणी त्याला खावयास घालावयाचे नाही, असा हुकूम सुटला. मोठ्या माणसांत कोणी म्हणे त्याला लाल मिरची चारा, कोणी म्हणे कच्चे मांस चारा, म्हणजे तो तिखट होतो. शेटने त्याहून निराळा उपाय काढला. संध्याकाळी आम्हां चारपाच पोरांना तो बोलावी, प्रत्येकाला दहा पैसे देई, आणि कुंपणाबाहेरून खडे मारावयास सांगे. स्वतः आत साखळी धरून उभा राही आणि ''छू'' म्हणे. कुत्रा उसळी घेई, साखळी ताठ होई, आणि आम्ही पळत सुटू. पळताना आम्ही हसत असू.

दीड वर्षाने, एका तिन्हीसांजेला माझा सात-आठ वर्षांचा धाकटा भाऊ आत पडलेली विटी आणावयास कुंपणाखालून गेला. साखळी नुकतीच सोडली होती. दंडाला आणि मांडीला, दोन ठिकाणी, कुत्र्याने त्याला फाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेटने कुत्रा मारून टाकविला. आम्हांला तो न्याय वाटला. त्याचा परिणाम काय झाला तेही सांगावयास हवे. चावलेला कुत्रा दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिला तर चाव्याच्या वेळी त्याला पिसाळी नव्हती असे धरता येते. कुत्राच मेला, आणि त्यामुळे भावाला बेंबीभोवती पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. वडील रोज पहाटे त्याला नेत आणि मी दप्तर भरीत बसे. दहा पैशांविषयी घरी मी काही बोललो नाही.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या पुस्तकात कुठे कुत्रा दिसला की मी थांबतो, ही खोड मला त्या वखारीपासून लागली.

महाभारताच्या अगदी प्रारंभी, आदिपर्वात, कुत्र्याच्या एका पिल्लाची कथा आहे. कुरुक्षेत्री जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचे पिल्लू तेथे जाते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला झोडपून काढतात. पिल्लू रडत आईकडे येते. ती विचारते, तू काही आगळीक केली असशील. ते म्हणते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, चाटले तर नाहीच. सरमा जाऊन राजाला जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की निरपराध्याला मारलेत, म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय येईल. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या उंबरठ्यावर ही चिमुकली कथा कोणी व का बसविली हे पंडितांनी सांगावे. मला तीत पुस्तकी काही वाटत नाही. विनाकारण मार खाल्लेल्या कुत्र्याच्या आवारात पाऊल टाकणाऱ्याला ते न दिसणारे भय चांगले ठाऊक असते.

आपल्या संतांनी दुसरी बाजू सांगितली. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. खंडोबाच्या पायाशी कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्री. रायगडच्या वाघ्याविषयी अलीकडे जो वाद पेटला आहे त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु सातारच्या शाहू छत्रपतींच्या खंड्याविषयी वाद नाही. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, त्याची समाधी आहे. शिकारीत या कुत्र्याने महाराजांना वाघापासून वाचविले. ग्रँट डफ लिहितो, की महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, आणि एकदा तर त्याला जरीची वस्त्रे व जवाहीर घालून, आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवून, दोन सरदारांना भर दरबारात भेट दिली. डफसाहेबांना हे राजाच्या चळलेल्या बुद्धीचे लक्षण वाटते. वाटो. माझे लक्ष भलतीकडेच जाते. जो कुत्रा वाघापुढे उभा राहिला तोच जरीच्या झुलीत, परक्या माणसांच्या गर्दीत, डोक्यावर पागोटे घेऊन बसला. आणि तो कोणाला चावल्याचे डफने लिहिलेले नाही. लिहिण्याजोगे काही घडले असते तर त्याने ते खचित सोडले नसते!

मुंबईचा मात्र कुत्र्यांशी निराळाच इतिहास आहे. भटकी कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने १८१३ सालापासून चालविला होता. १८३२ साली मारण्याची मुदत वाढविली आणि प्रत्येक कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळत. आठ आण्यांपायी शिपाई घरांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ते का, हे समजावयास फार विचार नको: गल्लीतले सावध कुत्रे हाती लागत नाही, माणसावर विश्वासणारे लागते. ६ जूनला पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी लोक शिपायांवर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, कोटातल्या गोऱ्या फौजेची रसद अडली, दंग्याचा कायदा वाचून दाखवून सैन्य बाहेर काढावे लागले. जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा तोडगा पुढे आला. दोनच वर्षांनी, १८३४ साली, मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. इतिहासकार या दंग्यात पारशी समाज आणि कंपनी सरकार यांचे संबंध पाहतात, आणि ते बरोबरच आहे. मी ते आठ आणे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. सरकारने कुत्रा मारण्याला आठ आणे दिले; शेटने तो बिघडविण्याला दहा पैसे.

आता ज्या मोठ्या कुत्र्यांची आपल्याला भीती वाटते त्यांच्या जन्मकथा पाहाव्यात. त्या फार जुन्या नाहीत. जर्मनीत थुरिंगिया प्रांतात आपोल्डा नावाचे गाव आहे. तिथे गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात लुई डॉबरमन नावाचा एक गृहस्थ कर गोळा करीत असे. कर गोळा करणाऱ्याला मित्र कमी आणि खिशात पैसे फार. त्याने स्वतःच्या संरक्षणासाठी जो कुत्रा पैदा केला त्याला त्याचेच नाव पडले. म्हणजे जातच्या जात एका माणसाच्या भीतीतून जन्मली. अल्सेशियनची गोष्ट याच्या उलट आहे. माक्स फॉन स्टेफानिट्स या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याने १८९९ साली मेंढपाळांच्या कुत्र्यांतून ही जात बांधली. तिचे मूळ काम मेंढ्या राखण्याचे, आमच्या धनगरांच्या वाड्यावर कुत्रा करतो तेच. पहिले महायुद्ध झाले आणि इंग्रजांना जर्मन हा शब्दच नकोसा झाला. त्यांनी तिचे नाव बदलून अल्सेशियन केले. ऑस्ट्रेलियाने तर १९२९ साली या कुत्र्यांच्या आयातीवर बंदी घातली आणि ती चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. ही लांडग्याची औलाद, ही माणसांना आणि मेंढ्यांना फाडील, असा तिथे समज होता. बंदीला दोन वर्षे होतात न होतात तोच, १९३१ साली, इंग्लंडात वॉलसी येथे चार आंधळ्या माणसांच्या हाती पहिली चार मार्गदर्शक कुत्री देण्यात आली. ती चारही अल्सेशियन होती. आणखी दहा वर्षांनी हीच जात नाझींच्या छळछावण्यांच्या कुंपणाशी उभी होती. रक्त एकच, जबडा एकच. एकीकडे आंधळ्याची काठी, दुसरीकडे कैद्याचा काळ. मधे फरक होता तो पट्टा धरणाऱ्याचा.

आपल्याकडे मुंबई पोलिसांनी १९५९ साली श्वानपथक उभारले, आणि आरंभी त्यात डॉबरमन होते. पोलिसांच्या कुत्र्याला एक ठरलेला माणूस असतो. तोच त्याला खावयास घालतो, तोच फिरवतो, तोच शिकवतो. कुत्र्याचे धावणे जितके शिकवलेले असते तितकेच थांबणेही. लोकांनी संचलनात हा कुत्रा पाहिला, आणि बंगल्याच्या, गोदामाच्या, वखारीच्या फाटकावर त्याची नक्कल केली. नक्कल करताना कुत्रा तेवढा घेतला. माणूस सोडून दिला.

शेट ज्या समजुतीने वागला ती त्याच्या एकट्याची नव्हती. ''त्याला कळलं पाहिजे मालक कोण,'' हे त्याचे आवडते वाक्य होते. या वाक्याला शास्त्राचे पाठबळ कसे मिळाले, ही हकीकत मोठी उद्‌बोधक आहे. १९४७ साली रूडॉल्फ शेंकेल या संशोधकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. कोंडलेले ते लांडगे वर्चस्वासाठी सतत झगडत. त्यावरून लांडगा असाच, आणि लांडग्यावरून कुत्राही असाच, अशी मजल लोकांनी मारली. कुत्र्याला जमिनीवर उताणा दाबा, डोळ्यांला डोळा भिडवा, तोंडातले हिसकावून घ्या, असे उपदेश पुस्तकांतून होऊ लागले. डेव्हिड मेक या ज्या शास्त्रज्ञाच्या ग्रंथाने ही कल्पना जगभर नेली त्यानेच रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहून १९९९ साली लिहिले, की मोकळ्या लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची मुले, दुसरे काही नाही. तुरुंगातले भांडण पाहून कुटुंबाचे नियम ठरविले, असा हा प्रकार झाला. नियम मात्र अजून चालूच आहेत.

त्या नियमांचे फळ काय मिळते तेही लोकांनी मोजले आहे. पेनसिल्व्हेनियातील पशुवैद्यांनी २००९ साली १४० कुत्र्यांच्या मालकांची माहिती प्रसिद्ध केली. कुत्र्याचे वर्तन बिघडले म्हणून ही मंडळी त्यांच्याकडे आली होती. कुत्र्याला मारणे किंवा लाथ घालणे हा उपाय ज्यांनी केला त्यांच्यातल्या ४३ टक्क्यांना कुत्र्याकडून उलट हल्ल्याचाच अनुभव आला. नुसते रोखून पाहणाऱ्यांतही ३० टक्क्यांना आला. दुसरी पाहणी अधिक दारुण. अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या २५६ घटनांचा तपशील संशोधकांनी गोळा करून २०१३ साली छापला. पाचांतल्या चारांहून अधिक घटनांत कुत्र्याची जात खात्रीने सांगता येईना. सांगता आले ते निराळेच: ७६ टक्के घटनांत कुत्रा घरातला नव्हता, नुसता आवारातला होता. साखळीवर, पिंजऱ्यात, माणसांच्या रोजच्या प्रेमाच्या सहवासाला पारखा. ८५ टक्के घटनांत मेलेल्या माणसाची आणि कुत्र्याची ओळख नव्हती किंवा नावापुरती होती.

हे आकडे मी वाचले तेव्हा फळ्यांचे खोके माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आणि तेव्हाच आणखी एक गोष्ट कळली. स्कॉट आणि फुलर या जोडीने अमेरिकेत बार हार्बर येथे अनेक वर्षे पिल्ले वाढवून १९६५ साली ग्रंथ लिहिला. त्यात जन्मानंतरच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाने माणसांची ओळख करून घेण्याचा काळ म्हणून सांगितला आहे. आमच्या त्या पिल्लाची सोयरीक आमच्याशी त्या काळात नुकती जुळत होती. तेवढ्यात खोके आले.

कोणी म्हणेल, मग रक्ताला काहीच अर्थ नाही काय? आहे. मेंढ्या राखणाऱ्याचे आणि ससे धरणाऱ्याचे रक्त एक नव्हे. २०२२ साली अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासणाऱ्या एका अभ्यासात, एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो त्याच्या सुमारे ९ टक्क्यांचा उलगडा जातीवरून होतो, असे दिसले. ते नऊ टक्के मी नाकारीत नाही. शिवाय पामेरियन चावला तर मलमपट्टीवर भागते आणि रॉटवायलर चावला तर टाके पडतात, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. पण यावरून मोठे कुत्रे पाळणाऱ्याची जबाबदारी वाढते; ती कुत्र्याच्या गळ्यात बांधता येत नाही.

गंमत अशी, की कायद्याला हे प्रथमपासून ठाऊक होते. १८६० च्या दंडसंहितेचे २८९ वे कलम, आणि आता २०२३ च्या न्यायसंहितेचे २९१ वे, जात विचारीत नाही. जनावर ज्याच्या ताब्यात, त्याने पुरेशी काळजी घेतली की नाही एवढेच विचारते. २०१० साली नेपियन सी रोडवर दोन माणसांचा वाद चालू असता एकाचा रॉटवायलर मोटारीत भुंकत होता. दार उघडू नका, असे सांगितले असताही मालकाने दार उघडले. बहात्तर वर्षांच्या वृद्धाला कुत्रा चावला. गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी २०२३ च्या जानेवारीत मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली. निकालाला तेरा वर्षे लागली हे खरे. तरी दार कोणी उघडले हा प्रश्न न्यायालयाने विचारला. उलट, १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जाती हिंस्र ठरवून त्यांच्यावर बंदी आणण्यास राज्यांना सांगितले. कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरातच ते परिपत्रक रद्द केले, कारण संबंधितांशी विचारविनिमयच झाला नव्हता. ऑस्ट्रेलियाचा १९२९ चा दाखला कोणाला आठवला असेल असे वाटत नाही.

वखारीची गोष्ट अर्धी राहिली. पहिला कुत्रा मेल्यावर काही महिन्यांनी शेटने दुसरा आणला. तोही अल्सेशियन, आणि त्याच पैदाशीचा, असे तो सांगे. या वेळी रखवालदार नवा होता. माण तालुक्यातला, मेंढरांत वाढलेला. त्याने खोके फोडून सरपणाला घातले. पिल्लू त्याच्या बाजेखाली निजे. सकाळी तो त्याला वखारभर हिंडवी, हमालांचा, गाडीवाल्यांचा वास घेऊ देई. दिवसा त्याने त्याला कधी बांधले नाही. रात्री कुंपणाशी पाऊल वाजले की कुत्रा छाती दडपेल असा भुंके, आणि रखवालदाराने ''बस'' म्हटले की थांबे. शेटने एकदा आम्हांला पुन्हा बोलावले, तेव्हा रखवालदार मधे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ''शेट, पोरांना खडे मारायला लावायचं असंल तर माझा हिशेब करा.'' दोन वर्षे त्या कुत्र्याने कोणाला दात लावला नाही. चोरी झाल्याचेही मला आठवत नाही. तरी शेट कुरकुरे, की कुत्रा माणसाळला! आणि एके दिवशी त्याने तो विकून टाकला.

मानखुर्दची चित्रफीत पाहिल्यानंतर मी भावाकडे गेलो. तो आता साठीच्या पुढे आहे. दंडावरचा वण सुरकुत्यांत मिसळून गेला आहे. चोपन्न वर्षांनी मी त्याला ते दहा पैसे सांगितले.

तो म्हणाला, ''दादा, ठाऊक आहे मला. त्या पैशांच्या गोळ्या तू मलाच आणून द्यायचास.''

मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, ''तो दुसरा आठवतो? राजा? त्याला भांडुपला एका गोदामात नेला होता. मी दोनदा चालत जाऊन आलो. पहिल्या खेपेला त्यानं मला ओळखलं. साखळीवर होता. दुसऱ्या खेपेला तो तिथं नव्हता.''